कलम १३.२.२ आणि एक प्राध्यापक: मेरी रॉबिन्सन यांच्या राष्ट्रपतिपदाचं प्रकरण

आयर्लंडच्या राष्ट्रपतीला देशाबाहेर पाऊल टाकायचं तर मंत्रिमंडळाची संमती लागते. संसदेपुढे किंवा राष्ट्राला उद्देशून भाषण करायचं तर मसुदा आधी मंत्रिमंडळाने मान्य करावा लागतो. मंजूर झालेलं विधेयक हाती आलं की साधारणपणे पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सही करायची, ना आधी ना नंतर. १९३७ च्या आयरिश घटनेतली १२, १३ आणि २५ ही कलमं ओळीने वाचली तर हे पद म्हणजे मानाची नजरकैद वाटते. कलम १३.९ ने तर वर कुलूपच लावलं आहे: राष्ट्रपतीचे अधिकार सरकारच्या सल्ल्यानेच वापरायचे, जिथे घटनेने उघडपणे वेगळं म्हटलं असेल ती ठिकाणं सोडून.

ती ठिकाणं मोजकी आहेत. त्यातली दोन वजनदार. कलम १३.२.२ प्रमाणे, ज्या पंतप्रधानाने कनिष्ठ सभागृहाचा, म्हणजे डॉइलचा, बहुमताचा पाठिंबा गमावला आहे त्याने विसर्जनाचा सल्ला दिला, तर राष्ट्रपती स्वतःच्या पूर्ण मर्जीने तो नाकारू शकतो. आणि कलम २६ प्रमाणे, एखादं विधेयक घटनेला धरून आहे का, हे सहीपूर्वी सर्वोच्च न्यायालयाला विचारता येतं. तेही स्वतःच्या निर्णयाने, सरकार नको म्हणत असलं तरी.

३ डिसेंबर १९९० रोजी या पदावर एक बाई आल्या, ज्यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात हीच घटना शिकवली होती. मेरी रॉबिन्सन. वय ४६, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. त्यांच्याबद्दल सहसा ‘पदाला नवा चेहरा दिला’ अशा थाटात लिहिलं जातं. ते खोटं नाही, पण ढोबळ आहे. या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग दुसरीकडे आहे: कोणत्या कागदावर कोण नकार देऊ शकतो, हे त्यांना आधीपासून नेमकं ठाऊक होतं. आणि गंमत म्हणजे त्यांची निवडणूकही त्या १३.२.२ वरूनच पालटली.

वर्ग, शॅनड, कोर्ट

मेरी बर्क यांचा जन्म २१ मे १९४४ चा, मेयो परगण्यातल्या बॅलिना गावातला. आई-वडील दोघंही डॉक्टर. ट्रिनिटी, मग वकिलीचं शिक्षण देणारी किंग्ज इन्स ही संस्था, मग १९६८ मध्ये हार्वर्डची कायद्याची पदव्युत्तर पदवी. १९६९ मध्ये, पंचविशीत, ट्रिनिटीत त्या रीड प्रोफेसर झाल्या. घटनात्मक आणि फौजदारी कायद्याचं हे अध्यासन मुदतीचं असतं आणि तरुण वकिलांना मिळत आलेलं आहे. वर्ग घ्यायचे आणि वकिलीही करायची, अशी त्याची रचना.

त्याच वर्षी त्या वरिष्ठ सभागृहात, शॅनडमध्ये, निवडून आल्या. जागा होती डब्लिन विद्यापीठाची. महाराष्ट्रात विधानपरिषदेचा पदवीधर मतदारसंघ असतो तसाच हा प्रकार: मतदार त्या विद्यापीठाचे पदवीधर, मतपत्रिका टपालाने, आणि उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहायचे. १९८९ पर्यंत वीस वर्षं त्या याच पद्धतीने निवडून येत राहिल्या. पहिल्या पसंतीत मागे असलेला माणूस दुसऱ्या पसंतीवर कसा पुढे जातो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

शॅनडमधला पहिला मोठा प्रयत्न सपशेल फसला. १९३५ च्या फौजदारी कायद्याच्या कलम १७ ने गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात गुन्हा ठरवली होती. (गोळ्या मात्र ‘पाळी नियमित करण्यासाठी’ म्हणून डॉक्टर लिहून देत आणि त्या खपत. कायदा एकीकडे, चिठ्ठी दुसरीकडे.) जॉन हॉर्गन आणि ट्रेव्हर वेस्ट या दोघा सदस्यांना बरोबर घेऊन त्यांनी १९७१ मध्ये बदलाचं विधेयक आणलं. सभागृहाने ते मांडायलाच परवानगी दिली नाही. पहिल्या वाचनाला परवानगी नाही म्हणजे मजकूर छापला जात नाही, आणि छापलेलाच नाही त्यावर चर्चा करायची कशी? बहुमताला चर्चा टाळायची असली की हा सर्वांत स्वस्त मार्ग.

विधिमंडळात दार बंद झालं की कोर्टात जायचं, आणि आयरिश कोर्टात बंद झालं की स्ट्रासबर्गला, युरोपीय मानवी हक्क न्यायालयात. पुढच्या दोन दशकांत रॉबिन्सन यांची वकिली या वाटेने गेली. त्यातला एक खटला जवळून पाहण्यासारखा आहे.

कॉर्कच्या जोहाना ऐरी यांना नवऱ्यापासून न्यायालयीन विभक्तता हवी होती. त्या काळी आयर्लंडमध्ये घटस्फोट नव्हताच. विभक्तता मिळे, तीही फक्त उच्च न्यायालयात. खर्च किती? विरोध झाला नाही तर सुमारे ५०० ते ७०० पौंड, झाला तर ८०० ते १२००. डिसेंबर १९७८ मध्ये ऐरी यांचा हातात येणारा आठवड्याचा पगार होता ३९.९९ पौंड. सरकारी मदतीचा वकील दिवाणी कामाला मिळत नसे. सरकारचं उत्तर वरवर पाहता बिनतोड होतं: उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे, बाईंनी स्वतः जाऊन बाजू मांडावी, कोणी अडवलं आहे? यावर अर्जदाराच्या बाजूने सर्वांत उपयोगी पडला तो एक आकडा. जानेवारी १९७२ ते डिसेंबर १९७८ या काळात आयर्लंडमध्ये विभक्ततेचे २५५ अर्ज दाखल झाले होते आणि त्या २५५ पैकी एकही अर्जदार वकिलाशिवाय गेलेला नव्हता. ९ ऑक्टोबर १९७९ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ६(१) चा भंग झाल्याचा निकाल दिला. हक्क कागदापुरता नको, वापरता येईल असा हवा, हे तत्त्व युरोपातल्या खटल्यांत तेव्हापासून याच निकालाच्या आधाराने मांडलं जातं. या कामात रॉबिन्सन ऐरी यांच्या वकील होत्या.

डेव्हिड नॉरिस यांच्या खटल्यातही त्याच वकील होत्या. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६१ आणि १८८५ चे ब्रिटिश काळातले कायदे. भारतीय दंड संहितेतलं ३७७ याच पिढीतलं. आयरिश सर्वोच्च न्यायालयात १९८३ मध्ये तीन विरुद्ध दोन असा पराभव, स्ट्रासबर्गला २६ ऑक्टोबर १९८८ रोजी विजय. सरकारने कायदा बदलायला आणखी पाच वर्षं घेतली, आणि १९९३ मध्ये तो कायदा सहीसाठी आला तेव्हा सही करणाऱ्या राष्ट्रपती होत्या मेरी रॉबिन्सन.

थेट राजकारणात मात्र त्यांना यश नव्हतं. लेबर पक्षातर्फे १९७७ आणि १९८१ मध्ये डॉइलसाठी लढल्या, दोन्ही वेळा हरल्या. १९८५ मध्ये अँग्लो-आयरिश करारावरून, म्हणजे उत्तर आयर्लंडबाबत ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी केलेल्या करारावरून, पक्षच सोडला. उत्तर आयर्लंडमधल्या युनियनवाद्यांना (ब्रिटनबरोबरच राहू इच्छिणाऱ्यांना) विचारात न घेता करार केला, ही त्यांची हरकत. आपल्या समर्थकांच्या मनाविरुद्ध जाऊन घेतलेला हा निर्णय पाच वर्षांनी उपयोगी पडला. त्यांच्यावर ‘पक्षाच्या बाई’ हा शिक्का बसला नाही.

निवडणूक होणं हाच पहिला विजय

१९७३ नंतर आयर्लंडमध्ये राष्ट्रपतिपदासाठी मतदानच झालं नव्हतं. १९७४, १९७६ आणि १९८३, तिन्ही वेळा मोठ्या पक्षांनी एका नावावर एकमत करून बिनविरोध निवड केली. याचं कारण उमेदवारीच्या नियमात आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे मिळून २० सदस्य किंवा चार परगणा परिषदा यांनी नाव सुचवावं लागतं. (पदावर असलेला किंवा राहून गेलेला राष्ट्रपती स्वतःचं नाव स्वतः देऊ शकतो.) २० सह्या लहान पक्षाला जड जातात, आणि परिषदांवर मोठ्या पक्षांची पकड असते. म्हणजे दोन मोठे पक्ष शांत राहिले की लोकांपर्यंत मतपत्रिका पोहोचतच नाही.

१९९० मध्ये लेबरचे नेते डिक स्प्रिंग यांनी ठरवलं की काही झालं तरी निवडणूक घडवून आणायची. डॉइलमध्ये लेबरचे १५, वर्कर्स पार्टीचे ७. बेरीज बसत होती. नाव रॉबिन्सन यांचं आलं. त्यांनी पुन्हा पक्षात प्रवेश करण्याची अट मानली नाही. पाठिंबा घेईन, पण उमेदवार अपक्ष म्हणून. हा तपशील मानापमानाचा नव्हता. या पद्धतीत लेबरच्या पहिल्या पसंतीवर कोणी राष्ट्रपती होऊच शकत नव्हतं. इतर पक्षांच्या मतदारांची दुसरी पसंती मिळवायची, तर त्यांना पेन उचलताना अडखळायला होऊ नये, एवढी सोय करून ठेवणं भाग होतं.

प्रचार मे महिन्यातच सुरू झाला, कॉर्कच्या पश्चिम टोकाला ॲलिहीस या खेड्यातून. फिअना फॉइल आणि फाइन गेल या मोठ्या पक्षांचे उमेदवार सप्टेंबरात ठरले. मधले चार-पाच महिने रॉबिन्सन यांनी पश्चिम किनारा, बेटं, लहान गावं, स्थानिक महिला मंडळं असा दौरा केला. वर्तमानपत्रांनी तेव्हा याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

फिअना फॉइलचे ब्रायन लेनिहन उपपंतप्रधान होते, सगळ्या पक्षांत लोकप्रिय, हसतमुख माणूस. ऑक्टोबरपर्यंत ते जिंकणार हे जवळपास गृहीत होतं. मग १९८२ चे फोन पुढे आले.

जानेवारी १९८२ ची रात्र

२७ जानेवारी १९८२ ला गॅरेट फिट्झजेराल्ड यांचं सरकार अर्थसंकल्पावर पडलं. मुलांच्या बुटांवरचा कर हे त्यातलं गाजलेलं कलम. बहुमत गेलेला पंतप्रधान विसर्जनासाठी राष्ट्रपतींकडे निघाला म्हणजे नेमकी १३.२.२ ची परिस्थिती. त्या रात्री विरोधी फिअना फॉइलकडून राष्ट्रपती पॅट्रिक हिलरी यांच्या निवासस्थानी फोनवर फोन गेले: विसर्जन नाकारा, आम्हाला सरकार बनवू द्या. हिलरी यांनी दाद दिली नाही आणि विसर्जन मंजूर केलं.

इथे कायद्याची बारीक रेघ आहे. विसर्जन नाकारणं पूर्ण कायदेशीर ठरलं असतं. पण पूर्ण स्वेच्छाधिकार याचा अर्थच असा की त्यावर कोणी दबाव आणू नये. अधिकार राष्ट्रपतीचा, विरोधी पक्षाचा नव्हे. म्हणून ते फोन बेकायदा नसले तरी अनुचित मानले गेले.

मे १९९० मध्ये लेनिहन यांनी एका संशोधक विद्यार्थ्याला ध्वनिमुद्रित मुलाखत दिली होती, त्यात आपण त्या रात्री राष्ट्रपतींशी बोललो असं सांगितलं होतं. २२ ऑक्टोबरला दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत त्यांनी असं काही झालंच नाही म्हणून सांगितलं. २५ ऑक्टोबरला ती ध्वनिफीत पत्रकारांना ऐकवण्यात आली. त्याच संध्याकाळी बातम्यांत कॅमेऱ्याकडे बघत लेनिहन म्हणाले की नीट आठवून पाहता आपण बोललो नव्हतो. फोन लोकांनी कदाचित माफही केले असते; आठ वर्षांपूर्वीची गोष्ट होती. एकाच माणसाच्या तोंडची दोन परस्परविरोधी विधानं, दोन्ही फितीवर, ही मात्र कोणी विसरलं नाही. सरकारमधल्या लहान सहकारी पक्षाने, प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सनी, पाठिंबा काढण्याची धमकी दिली आणि ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान चार्ल्स हॉही यांनी आपल्या जुन्या मित्राला मंत्रिमंडळातून काढलं.

एवढ्यावर थांबतं तर कदाचित लेनिहन यांना सहानुभूतीची लाट मिळाली असती. ती उठतही होती. पण ३ नोव्हेंबरला मंत्री पॅड्रिग फ्लिन यांनी आकाशवाणीवर रॉबिन्सन यांना घर-कुटुंबाची नव्याने आठवण झाली आहे, अशा अर्थाचा टोमणा मारला. कार्यक्रमातच त्यांना खडे बोल ऐकावे लागले. मतदान चार दिवसांवर होतं.

मोजणी

७ नोव्हेंबरला मतदान झालं. वैध मतं १५,७४,६५१. जागा एकच, म्हणून कोटा म्हणजे निम्मे अधिक एक: ७,८७,३२६. पहिल्या पसंतीत लेनिहन ६,९४,४८४, रॉबिन्सन ६,१२,२६५, फाइन गेलचे ऑस्टिन करी २,६७,९०२. साध्या बहुमताची पद्धत असती तर लेनिहन ८२,२१९ मतांनी राष्ट्रपती झाले असते आणि हा लेख कोणी लिहिला नसता.

कोटा कोणाचाच भरला नाही, म्हणून शेवटचा उमेदवार बाद आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. फाइन गेलने आपल्या मतदारांना दुसरी पसंती रॉबिन्सन यांना देण्याचं आवाहन केलं होतं. पण पक्षाने सांगणं आणि मतदाराने ऐकणं यात बरंच अंतर असतं, म्हणून या फेरीचे आकडे मुद्दाम पाहावेत. करींच्या २,६७,९०२ पैकी २,०५,५६५ रॉबिन्सन यांना, ३६,७८९ लेनिहन यांना, आणि २५,५४८ मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती. म्हणजे दर चारातली तीनहून थोडी अधिक. अंतिम बेरीज: रॉबिन्सन ८,१७,८३०, लेनिहन ७,३१,२७३.

पसंती न लिहिलेल्या त्या २५ हजार मतपत्रिका सहसा कोणी हिशेबात धरत नाही. अशा मतपत्रिका जितक्या वाढतात तितकी मागे असलेल्या उमेदवाराची अडचण वाढते, कारण आघाडी भरून काढायला लागणारी मतं त्यातूनच गळतात. पहिल्या पसंतीत मागे राहिलेल्याने ‘दुसरी पसंती लिहाच’ हे सांगण्यावर निम्मा प्रचार खर्च केला तरी तो वाया जात नाही.

भारतातही राष्ट्रपती याच पद्धतीने निवडतात. मतदार आमदार-खासदार, हा मुख्य फरक. आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयरिश घटनेतून घेतली हे शाळेत शिकवतात, पण निवडणुकीचं हे साम्य फार जणांच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या पसंतीपर्यंत जाऊन निकाल लागल्याची आपल्याकडची एकच वेळ म्हणजे १९६९. तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. पहिल्या मोजणीत गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९, कोटा ४,१८,१६९. देशमुखांची बरीचशी दुसरी पसंती रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. तिथे आघाडी टिकली, डब्लिनला उलटली. वराहगिरी व्यंकट गिरी तरुणपणी कायदा शिकले होते तेही डब्लिनमध्येच.

पदाची हद्द, आतून

पदावर आल्यावर रॉबिन्सन यांनी एक साधी गोष्ट जाहीर केली: परदेशी गेलेल्या आयरिश माणसांसाठी राष्ट्रपती निवासाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कायम दिवा असेल. रस्त्यावरून दिसेल असा. याला कोणाची संमती लागत नाही. घटना भाषणाबद्दल बोलते, दिव्याबद्दल नाही.

त्यांच्या सात वर्षांची रीत साधारण हीच. कलम १३.७ मधलं बंधन संसदेपुढचं भाषण आणि राष्ट्राला उद्देशून संदेश यांच्यावर आहे. एखाद्या गावातलं समाजकेंद्र उघडताना केलेलं भाषण हा राष्ट्राला संदेश नव्हे. मग भटक्या समाजाच्या वस्तीत, अपंगांच्या संस्थेत, बायकांच्या गटात जायचं आणि तिथे बोलायचं. आधीच्या राष्ट्रपतींनी ही कलमं रुंद वाचली होती आणि म्हणून गप्प राहिले होते. त्याला १९७६ चं कारणही होतं. कॅरल ओ डॉली, स्वतः माजी सरन्यायाधीश, यांनी आणीबाणीच्या अधिकारांचं विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवलं, तर संरक्षणमंत्र्याने त्यांना सैनिकांसमोर जाहीरपणे अपशब्द वापरले. मंत्र्याला काढलं नाही, म्हणून ओ डॉलींनी राजीनामा दिला. त्यानंतर हे पद चौदा वर्षं खाली मान घालून चाललं होतं.

जिथे संमती खरोखर लागते तिथे मात्र रॉबिन्सन अडल्या. १९९१ मध्ये बीबीसीच्या डिंबलबी व्याख्यानाचं निमंत्रण आलं; हॉही सरकारने संमती दिली नाही आणि त्या गेल्या नाहीत. वाद घालण्याजोगं काही नव्हतं, कलम स्पष्ट आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये दुष्काळग्रस्त सोमालियाला जायला संमती मिळाली आणि तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या राष्ट्रप्रमुख ठरल्या. २७ मे १९९३ ला बकिंगहॅम राजवाड्यात राणी एलिझाबेथ यांची भेट. आयरिश राष्ट्रपती आणि ब्रिटिश राजपद यांची तशी ही पहिलीच. तीन आठवड्यांनी पश्चिम बेलफास्टमध्ये स्थानिक संस्थांच्या कार्यक्रमात आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेल्या शिन फेन पक्षाचे गेरी ॲडम्स यांच्याशी हस्तांदोलन. आयआरएची शस्त्रसंधी अजून एक वर्ष दूर होती. ब्रिटिश सरकार नाराज, परराष्ट्रमंत्री झालेले स्प्रिंगही नाराज. कॅमेरे आत येऊ दिले नव्हते, म्हणून त्या हस्तांदोलनाचं छायाचित्र नाही. हस्तांदोलन व्हावं पण त्याचं पोस्टर होऊ नये, असा हा तोल होता.

संसदेपुढे त्या दोनदा बोलल्या. दुसऱ्यांदा, २ फेब्रुवारी १९९५ ला, विषय होता जगभर पसरलेले आयरिश वंशाचे सात कोटी लोक. मसुदा रीतसर मंजूर होता, सभागृह मात्र थंड राहिलं. मत नसलेल्या माणसांबद्दलचं भाषण मतांवर निवडून आलेल्यांना कंटाळवाणं वाटलं, असं म्हणायला हरकत नाही.

कलम २६: स्वतःच्या बाजूचे कायदे पाडणं

या प्रकरणातला सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी चर्चिलेला भाग हा आहे.

पद्धत अशी. विधेयक सहीसाठी आल्यापासून सात दिवसांच्या आत राष्ट्रपतीने ठरवायचं. त्याआधी राज्यपरिषदेची बैठक घ्यावीच लागते: पंतप्रधान, सरन्यायाधीश, सभागृहांचे अध्यक्ष, माजी राष्ट्रपती आणि पंतप्रधान, शिवाय राष्ट्रपतीने नेमलेले सातपर्यंत सदस्य. त्यांचं ऐकायचं, पण ते बंधनकारक नाही. वित्त विधेयक आणि घटनादुरुस्ती या मार्गाने पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या किमान पाच न्यायमूर्तींनी ६० दिवसांत निकाल द्यायचा, आणि निकाल एकच. कोणी विरुद्ध मत दिलं का, तेही सांगायचं नाही. भारतात कलम १४३ खाली राष्ट्रपती मत मागतात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने आणि ते मत बंधनकारक मानलं जात नाही. आयर्लंडमध्ये दोन्ही गोष्टी उलट.

सापळा कलम ३४ मध्ये आहे. न्यायालयाने विधेयक वैध ठरवलं, तर त्या कायद्याला पुढे कधीही, कोणालाही, घटनेच्या मुद्द्यावर आव्हान देता येत नाही. एरवी कायदा लागू होतो, चार-पाच वर्षांनी एखाद्या माणसाला तो प्रत्यक्ष जाचतो, तो कोर्टात जातो आणि न्यायालयापुढे खरी परिस्थिती असते. कलम २६ खाली न्यायालयापुढे माणूस नसतो, फक्त मजकूर असतो. घाईने पाठवलेलं विधेयक वैध ठरलं की उद्याच्या ऐरीबाईंसाठी दार कायमचं बंद.

रॉबिन्सन यांनी चार विधेयकं पाठवली. पहिलं १९९३ चं वैवाहिक घराचं विधेयक. लग्न झालेल्या जोडप्याचं राहतं घर, नावावर कोणाचंही असो, आपोआप दोघांच्या समाईक मालकीचं व्हावं, आणि आधीच्या घरांनाही हे लागू व्हावं. बायकांच्या हिताचा यापेक्षा सरळ कायदा त्या काळी शोधून सापडला नसता. हे विधेयक पाठवणाऱ्या राष्ट्रपतींनी वीस वर्षं बायकांसाठी कोर्टात लढा दिला होता. जानेवारी १९९४ मध्ये न्यायालयाने ते रद्द ठरवलं: नवरा-बायकोने मिळून घेतलेला घराबद्दलचा निर्णय सरसकट बदलणं म्हणजे कलम ४१ मधल्या कुटुंबाच्या स्वायत्ततेत अतिरेकी हस्तक्षेप. ते त्या रूपात पुन्हा कधी आलं नाही.

दुसरं १९९५ चं, गर्भपाताची परदेशातली सोय याबद्दल माहिती देण्याचं नियमन करणारं. १९९२ च्या सार्वमताने माहितीला वाट करून दिली होती, तरी दोन्ही बाजूंना खटले करायचे होतेच. न्यायालयाने गर्भाच्या आणि मातेच्या बाजूने वेगवेगळे वकील नेमले, दोन्हींचे आक्षेप ऐकले आणि विधेयक वैध ठरवलं. इथे कुलूप लागणं हाच फायदा झाला. वर्षानुवर्षं चालणारे खटले एका निकालात संपले, आणि तो कायदा पुढे संसदेनेच २०१८ मध्ये मोडीत काढेपर्यंत टिकला.

तिसरं आणि चौथं १९९७ मधली समानतेची: नोकरीतली समानता आणि सेवांमधली समान वागणूक. दोन्ही पडली. पहिल्यात मुख्य आक्षेप असे की अपंग कर्मचाऱ्याच्या सोयीचा खर्च सगळा मालकावर टाकला होता, आणि कामगाराच्या कृत्याबद्दल मालकाला फौजदारी जबाबदार धरलं होतं. दुरुस्त होऊन ती १९९८ आणि २००० मध्ये कायदे झाली. म्हणजे चारपैकी तीन पडली, आणि तिन्हींचा हेतू रॉबिन्सन यांच्या आयुष्यभराच्या कामाशी जुळणारा. टीकाकारांनी त्यांना डावी म्हटलं, समर्थकांनी लढाऊ. या तीन निकालांत दोन्हींची पंचाईत होते.

पुन्हा १३.२.२

५ नोव्हेंबर १९९२ रोजी अल्बर्ट रेनल्ड्स यांचं सरकार विश्वासमतात हरलं. आता तो स्वेच्छाधिकार रॉबिन्सन यांच्या हातात होता. पर्यायी सरकार सभागृहात दिसत नव्हतं. त्यांनी विसर्जन मंजूर केलं आणि २५ नोव्हेंबरला निवडणूक झाली. दोन वर्षांनी रेनल्ड्स यांची आघाडी पुन्हा फुटली. या वेळी त्यांनी विसर्जन मागितलं नाही, राजीनामा दिला. १५ डिसेंबर १९९४ ला जॉन ब्रूटन यांच्या नेतृत्वाखाली तीन पक्षांचं सरकार आलं, मधे निवडणूक न होता. आयर्लंडच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. कलम वापरलं गेलं नाही. पण नकार येऊ शकतो हे ठाऊक असलेला पंतप्रधान वेगळा हिशेब मांडतो.

मुदतीआधी

मुदत डिसेंबर १९९७ पर्यंत होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तपदासाठी कोफी अन्नान यांना त्या लवकर हव्या होत्या, म्हणून रॉबिन्सन यांनी १२ सप्टेंबरलाच पद सोडलं. राष्ट्रपतीची जागा रिकामी असली की कलम १४ प्रमाणे सरन्यायाधीश आणि दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष असा तिघांचा आयोग काम पाहतो. दोन महिने त्याने पाहिलं. कारभार अडला नाही, तरी अडीच महिने थांबता आलं असतं, ही टीका झाली आणि पुढे त्यांनी स्वतःही ती चूक कबूल केली.

३० ऑक्टोबर १९९७ च्या निवडणुकीला पाच उमेदवार होते, त्यातल्या चार बायका. दोघांनी उमेदवारी मिळवली ती परगणा परिषदांच्या मार्गाने. घटनेत साठ वर्षं लिहिलेला तो मार्ग पहिल्यांदाच कोणी वापरला. निवडून आल्या मेरी मॅकअलीस. १९७५ मध्ये रॉबिन्सन यांच्यानंतर ट्रिनिटीत रीड प्रोफेसर झाल्या होत्या त्याच.